बेणारेबाई कुठे गेल्या असतील?

तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' आम्ही दोघी गेली कित्येक वर्षे वाटून शिकवीत आलो आहोत. एकीने संहिता घ्यायची, दुसरीने समीक्षा. इतक्या वर्षांत शिकवण्याची एक वहिवाट पडून जाते: खेळातला खटला आणि खरा खटला, कळपाची हिंसा, बेणारेचे स्वगत, आणि शेवटी सामंताने तिच्याजवळ ठेवलेला तो हिरवा कापडी पोपट. पोपटापाशी वर्ग संपतो आणि हजेरी होते. दोन-तीन वर्षांपूर्वी टी.वाय.च्या वर्गात पोपटापाशी आल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण दुसऱ्या दिवशी बेणारेबाई कुठे गेल्या असतील?"

आम्ही जे सांगायचे तेच सांगितले. पात्राला पडदा पडल्यानंतरचे आयुष्य नसते, संहितेबाहेरचे प्रश्न संहितेला विचारू नयेत, वगैरे. उत्तर बरोबर होते आणि त्याचा काही उपयोग नव्हता. मुलीने वहीत ते उतरवून घेतले, ह्याचेच आम्हांला नंतर जास्त वाईट वाटले.

कारण प्रश्न साधा होता. नाटक १९६७ सालचे. गर्भपाताला मुभा देणारा कायदा १९७१ सालचा. नोकरी गेलेली, दिवस गेलेली, लग्न न झालेली मुंबईतली शिक्षिका. खेळातला आरोप भ्रूणहत्येचा आणि शिक्षा मात्र गर्भ नष्ट करण्याची, हा विरोधाभास आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. पण बेणारेला मूल हवे आहे, त्यासाठी ती एकेका पुरुषाला विचारून पाहते, हे आम्ही भराभर सांगून पुढे जातो. मूल हवे असेल तर त्या बाईला आधी छप्पर हवे. नऊ महिन्यांतले उरलेले महिने, बाळंतपणाचे दहा दिवस आणि पुढची निदान दोन-तीन वर्षे कुठे काढायची? मराठी कथा-कादंबरीत अशी बाई विहिरीपर्यंत जाते, आगगाडीपर्यंत जाते, फार तर एखाद्या आश्रमाच्या दारापर्यंत जाते. दाराच्या आत लेखक क्वचितच गेला आहे.

आम्हीही गेलो नव्हतो. गेलो ते योगायोगाने. एका जिल्ह्याच्या गावी एका जुन्या महिलाश्रमाची इमारत पाडून नवी बांधायची ठरली होती. संस्थेला स्मरणिका काढायची होती आणि 'मराठीच्या बाई' म्हणून आमच्याकडे निरोप आला. संस्थेचे नाव येथे देत नाही. ते का, हे पुढे कळेल. कोठीघराच्या माळ्यावर दोन पत्र्याच्या ट्रंका होत्या. एकीत संस्थापकांची भाषणे, मानपत्रे, देणगीदारांच्या याद्या, मंत्र्यांच्या भेटीची छायाचित्रे. दुसरीत कीर्दी, आवक-जावकाच्या वह्या आणि लाल कापडी बांधणीच्या सहा प्रवेशनोंदवह्या. कार्यवाहांनी पहिली ट्रंक आमच्यापुढे ठेवली आणि दुसरीबद्दल म्हणाले, "ही जाळायची आहे. उगाच कुणाच्या हाती लागायला नको."

ही माणसे निष्काळजी नव्हती. जाळण्यामागे त्यांच्या मनात काळजीच होती, आणि ह्या संपूर्ण विषयाची अडचण तिथेच आहे.

ती समजून घ्यायची तर १८६३पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्याच घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. निमित्त होते काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचे. ती फुल्यांचे मित्र गोवंडे यांच्याकडे स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले, तिने जन्मलेले मूल मारले आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. फुल्यांनी हे मलबारींच्या टिपणांवर दिलेल्या अभिप्रायात, १८८४ साली, लिहिले आहे. त्याच ठिकाणी त्यांनी एक हिशेब दिला आहे. तोवर पस्तीस गरोदर विधवा त्या घरात येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जगली आणि तीस दगावली, कारण दिवस लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या जालीम औषधांनी ती पोटातच जायबंदी झाली होती. सुधारणेच्या इतिहासात असा हिशेब आम्ही दुसरा पाहिलेला नाही. संस्थाचालक आपले यश मांडतो आहे आणि आकडा अपयशाचा आहे. तो त्याने झाकलेला नाही.

पण ह्या पस्तीस जणींची नावे? एकीचेही नाही. काशीबाईचे नाव आपल्याला माहीत आहे, कारण तिच्यावर खटला झाला. सुरतेच्या विजयालक्ष्मीचे नाव माहीत आहे, कारण १८८१ साली तिला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली (ती पुढे कमी झाली) आणि त्या प्रकरणावर वर्तमानपत्रांनी स्त्रीजातीला जे धारेवर धरले त्याच्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. ज्या सापडल्या त्यांची नावे इतिहासात राहिली. ज्या वाचल्या त्यांची राहिली नाहीत. वाचण्याची अटच ती होती. फुल्यांनी शहरात जाहिराती लावल्या होत्या त्यांत गुप्तपणे येऊन बाळंत होण्याचे आवाहन होते, आणि मूल बरोबर न्यावे की तेथेच ठेवावे हे आईच्या मर्जीवर सोपवलेले होते. भिंतीवर उघड चिकटवलेले गुप्ततेचे वचन! पुढच्या सगळ्या आश्रमांचा पाया ह्या वचनावर उभा आहे.

१८७४ साली तिथे आलेल्या एका विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला, तो यशवंत. तिचे नावही काशीबाईच सांगितले जाते. त्यामुळे भाषणांत आणि कधीकधी छापील मजकुरातही दोघी काशीबाया एक होऊन जातात. अंदमानला गेलेलीच यशवंतची आई ठरते. अकरा वर्षांचे अंतर कोणाला अडत नाही. दोन बायकांची मिळून एक 'पीडित विधवा' झाली की गोष्ट सांगायला सोपी पडते.

पंढरपूरचे तसेच. तिथे १८७५ साली लालशंकर उमियाशंकर ह्या न्यायखात्यातल्या गुजराती गृहस्थांच्या पुढाकाराने बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले आणि ते प्रार्थना समाजाने सांभाळले. पंढरपूरच का, हे वारी पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. गर्दीसारखा आडोसा नाही. चंद्रभागेच्या वाळवंटात कोण कोणाबरोबर आले आणि कोण एकटे परतले, हे कोण मोजतो? तिथल्या अनाथ बालकांचा इतिहास सापडतो, कारण मुले वाढली आणि संस्था पुढे नवरंगे बालकाश्रम ह्या नावाने ओळखली गेली. आया मात्र वारीतच मिसळून गेल्या.

ह्या घरांच्या नावाकडेही पाहावे. 'बालहत्या प्रतिबंधक' हे नाव ज्या गुन्ह्याला अडवायचे त्याचे आहे. आत राहणाऱ्या बाईचा त्यात उल्लेख नाही. पुढे 'पतित', 'चुकलेली', 'फसलेली', 'अडलेली', 'निराश्रित', 'कुमारी माता', 'परित्यक्ता' असे शब्द आले. मालतीबाई बेडेकरांनी 'घराला मुकलेल्या स्त्रिया' असे म्हटले, आणि पहिल्यांदाच दोष बाईच्या पावलावरून उठून घरावर गेल्यासारखा वाटला. अलीकडे 'एकल' हा शब्द रुळला. कोरोनानंतर तर तो सरकारी कागदांतही दिसू लागला. सरकारी योजनांची नावे बदलत 'स्वाधार'वरून २०२२ साली 'शक्ती सदन'पर्यंत आली. नाव बदलले म्हणून खाट आणि पांघरूण बदलतेच असे नाही, पण भाषा शिकवणाऱ्यांनी ह्या नावांची एक यादी तरी करून ठेवायला हवी. ती अजून कोणी केलेली आमच्या पाहण्यात नाही.

मालतीबाईंवरून आठवले. 'हिंदोळ्यावर'मध्ये त्यांनी परित्यक्ता अचलेच्या निमित्ताने विवाहाबाहेरच्या मातृत्वाचा प्रश्न १९३४ साली मांडला, तो विभावरी शिरूरकर ह्या नावाआड राहून. ज्या बायकांविषयी लिहायचे त्या नाव लपवून राहणार, आणि लिहिणारीनेही नाव लपवायचे. उलट बाया कर्वे यांनी 'माझे पुराण' स्वतःच्या नावाने सांगितले. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातले दिवस त्यात आहेत. पण त्या बालविधवा होत्या आणि विधवेला, निदान उशिरा का होईना, आत्मचरित्र लिहिण्याची परवानगी समाजाने दिली. कडेवर मूल घेऊन दारात आलेलीला ती मिळाली नाही. स्वतः रमाबाईंची गोष्ट आपण पांडित्य, धर्मांतर आणि केडगाव ह्या क्रमाने सांगतो. १८८२ साली तेवीस वर्षांच्या रमाबाई विधवा झाल्या तेव्हा मनोरमा वर्षाचीही नव्हती. एकटीने मूल वाढवण्याचा अर्थ शारदासदनाच्या चालिकेला पुस्तकातून कळलेला नव्हता. आम्ही हे कधी वर्गात सांगितले होते का? नाही.

असो. ट्रंकेकडे येऊ.

कार्यवाहांना आम्ही महिनाभराची मुदत मागितली. रविवारी जायचे, कोठीघराच्या ओट्यावर बसायचे, वह्या चाळायच्या. कीर्द वाचण्याची सवय नसलेल्यांनी ती एकदा वाचून पाहावी. सुंठ, डिंक, अळीव, खोबरे: म्हणजे ह्या महिन्यात बाळंतिणी होत्या. पाळण्याच्या दोऱ्या. शिवणयंत्राचे तेल, सुया, काजांचा दोरा. वाळवणाच्या दिवसांत उडदाचे पीठ आणि पापडखार, मग गणपतीत पापडविक्रीचे उत्पन्न. आवकेत एका भावाची दरमहा पाच रुपयांची मनीऑर्डर सात महिने येते आणि आठव्या महिन्यापासून येत नाही. त्यावर कोणाचाच शेरा नाही. जावकेत तीन पत्रे एकाच पत्त्यावर गेलेली आणि तिन्ही परत आलेली. मानपत्रांच्या ट्रंकेत ह्यातले काही नव्हते.

प्रवेशनोंदवहीला अकरा रकाने होते. नाव, वय, जात, गाव, कोणी आणले, कारण, महिने, बाळंतपणाची तारीख, मूल, रवानगी, शेरा. 'मूल' ह्या रकान्यात बहुधा 'दत्तक', 'आश्रमात' किंवा 'मयत'. आणि मधूनच 'आईसोबत'. आमचे सारे लक्ष ह्या 'आईसोबत'वर खिळले. ह्या बायका आश्रमात दोन-दोन, तीन-तीन वर्षे राहिल्या, शिवण किंवा परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि मूल घेऊन बाहेर पडल्या. 'रवानगी'त दूरदूरची गावे, दवाखाने, शाळा. शेऱ्यात एकीपुढे अधीक्षिकाबाईंनी बारीक अक्षरात लिहिले होते, 'विधवा म्हणून राहील.' मग तसे शेरे आणखी सापडत गेले. शंभर वर्षांपूर्वी विधवेला आपले आईपण लपवण्यासाठी अशा घरात यावे लागे. आता लग्न न झालेली आई विधवेचे सोंग घेऊन बाहेर पडत होती. ज्या वैधव्याने एकीला मारले तेच दुसरीला आडोशाला मिळाले. हे वाचल्यावर त्या दिवशी आम्ही वही मिटली आणि परतीच्या गाडीत फारसे बोललो नाही.

बोललो ते पुढच्या रविवारी, आणि भांडलोच. आमच्यापैकी एकीचे म्हणणे, वह्यांची छायाचित्रे काढून विद्यापीठात ठेवावीत. 'स्त्रीपुरुषतुलना' त्र्याण्णव वर्षे विस्मृतीत पडून होती; १९७५ साली स. गं. मालशे यांनी ती पुन्हा छापली नसती तर आज आपण ताराबाईंचे नाव घेतले असते का? पुन्हा, ह्या वह्यांवर मुलांचाही हक्क आहे. दत्तक म्हणून दूर, काही तर परदेशी गेलेली मुले आज चाळिशी-पन्नाशीत आपल्या जन्माची जागा शोधत येतात. नोंदवहीच्या एका पानात अशा एका पत्राची घडी होती. आईचे नाव नको, निदान ती कुठल्या खोलीत होती एवढे तरी सांगा, असे त्यात मागितले होते. त्यांना काय सांगायचे, जाळले म्हणून?

दुसरीचे म्हणणे, ह्या बायका नोंद होऊ नये म्हणूनच इथे आल्या. त्यांना दिलेले वचन आपण संशोधनाच्या नावाखाली मोडायचे, तेही त्यांना न विचारता? एखाद्या गावात आज सत्तरीच्या, सुना-नातवंडांच्या घरातल्या आजी 'विधवा म्हणून' राहिल्या असतील. आपण छापले वय, जात, गाव आणि वर्ष, की नावाची गरजच काय? सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली अविवाहित आईला मुलाच्या पित्याचे नाव न सांगता पालकत्व मागता येईल असे ठरवले आणि तिच्या खाजगीपणाचा मान राखला. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत आईचे नाव वडिलांच्या नावाआधी येऊ लागले. काळ बदलला म्हणावे तर बदलला आहे. पण जिने १९६७ साली वचन घेतले तिला २०२४च्या धिटाईचा काय उपयोग?

कोण काय म्हणाले हे येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण महिन्याभरात दोघींनी एकमेकींच्या बाजू घेऊन झाल्या.

आश्रमात एक मावशी आहेत. पूर्वी तिथेच दाखल झालेल्या, मग स्वयंपाकघर सांभाळू लागल्या, तिथेच राहिल्या. आमचे भांडण त्या तांदूळ निवडत ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "अहो बाई, त्या नावांवरनं काय भांडता? खरं नाव सांगितलं होतं कुणी? मोठ्या ताई दारातच विचारायच्या, काय म्हणू तुला? मी म्हटलं, काहीही म्हणा. त्यांनी दिलं ते नाव."

आम्हांला हसावे की काय करावे कळेना. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपली जुनी रीत. तांदळात सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहायचे. इथे अधीक्षिकाबाई दौतीत टाक बुडवून नोंदवहीत नवे नाव लिहीत होत्या. ज्यांचे लग्न झाले नाही त्यांचेही नामकरण झाले होते. आम्ही ज्या नावांचे रक्षण करायचे की प्रकाशन करायचे ह्यावर शब्द खर्च करत होतो ती आश्रमाने दिलेली नावे होती. खरी नावे त्या बायकांनी स्वतःपाशी ठेवली होती. ते काम त्यांनी आमच्यावर किंवा कार्यवाहांवर सोपवलेले नव्हते.

ह्याने प्रश्न मिटला असे नाही. गाव खरे असेल, वय खरे असेल, तारखा तर खऱ्याच. पण ट्रंक जाळायची नाही एवढे ठरले. प्रवेशनोंदवह्या संस्थेतच कुलपात राहतील. कोणी मूल म्हणून शोधत आले तर कायद्याच्या वाटेने, आणि आईची संमती मिळाल्यासच, त्या उघडतील. कीर्दी, शिध्याच्या वह्या, कामाच्या पाळ्यांचे तक्ते, नियमांचे छापील फलक ह्यांच्या प्रती आम्ही करून घेत आहोत. त्यांत कोणाचे गुपित नाही आणि घर मात्र सगळे आहे: पहाटे चूल कोणी पेटवायची, बाळंतिणीला पाळीतून किती दिवस सूट, रविवारी केस धुवायला शिकेकाई किती. इमारत पाडण्यापूर्वी बाळंतिणीच्या खोलीचे मोजमाप घ्यायचे राहिले होते, ते आमच्या एका विद्यार्थ्याने फीत धरून घेतले. भिंतीत एक लोखंडी कडी होती. पाळण्याची असणार असे आम्ही लिहिले. मावशींनी दुरुस्त केले: पाळणे छताला होते, कडी धरून बायका कळा सोसायच्या. कडी काढून ठेवली आहे.

मावशींना स्मरणिकेतला मजकूर वाचून दाखवण्याचे आम्ही कबूल केले होते. आपले नाव, आश्रमातले दिलेले सुद्धा, घालू नका असे त्यांनी आधीच बजावले होते. "पण एकीचं पोर रात्री रडलं की सगळ्या उठायच्या, हे घाला," म्हणाल्या. ते घातले. पहिल्याच परिच्छेदात 'निराश्रित मातांसाठी' असे आम्ही लिहिले होते. तिथे त्यांनी हात वर केला.

"निराश्रित कसं? आश्रमात होतो की आम्ही."

शब्द खोडला आहे. त्या जागी काय लिहावे ह्यावर आमचे दोघींचे अजून एकमत झालेले नाही, आणि मजकूर महिनाअखेर छापखान्यात द्यायचा आहे.